ओठ न मिटता

या, असे जवळ सरकून बसा. मागे ऐकू येत नसेल त्यांनी पुढं यावं, आणि पुढच्यांनी जरा मांडी आवरून जागा करावी. आपण इतकी वर्षं मागच्या युगांच्या कथा ऐकत आलो; कधी तिथी विचारली नाही की पुरावा मागितला नाही. आज एक कथा सांगते ती पुढच्या काळातली. आज जी पोरगी कॉलेजच्या बसमागे धावते आहे, तिला पन्नाशी लागेल तेव्हाची. फार मोठी नाही. निरांजनातलं तूप संपायच्या आत संपेल.

सांगलीला केतकी म्हसकर नावाच्या कीर्तनकार राहत. सगळे त्यांना केतकीताई म्हणत. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. एकुलती लेक ईरा मिरजेला शिकायला. पेटीच्या साथीला सचिनकाका आवटी, सत्तरीचे. त्यांनी ताईंच्या वडिलांनाही साथ केली होती, त्यामुळे ताईंना ते एकेरीत हाक मारत आणि मनात आलं ते तोंडावर बोलत.

ताईंचं नाव झालं होतं ते एका गोष्टीनं. पूर्वरंगात निरूपण होई, मग मध्यंतराचा गजर, यजमान हार घालून कपाळाला बुक्का लावत, ताई घोटभर पाणी पिऊन उत्तररंगाच्या कथेला उभ्या राहत. आणि कथेची पहिली ओळ तोंडातून निघते न निघते तोच त्यांच्या डोळ्यांतून धार लागे. चेहरा रडवा नाही, स्वर फुटलेला नाही, गालांवर मंद हसू, आणि पाणी आपलं वाहतंय. ओळ टिपेला गेली की डावा डोळा आपोआप मिटे.

आपल्या शास्त्रात सात्त्विक भाव सांगितलेत. अंगावर काटा येणं, घाम, कंप, आणि अश्रू. हे आणता येत नाहीत, यावे लागतात. मग लोकांनी दुसरं काय समजायचं? तासगावकडच्या अर्चनाबाई माळींचंच घ्या. त्यांची द्राक्षं वाळवून बेदाणा करायची शेड होती. तरणा मुलगा गेला तेव्हा त्या दगडासारख्या बसून राहिल्या, टिपूस आलं नाही. महिने गेले. मग कुणी तरी ओढून ताईंच्या कीर्तनाला नेलं. ताईंच्या डोळ्यांना धार लागलेली पाहिली आणि बाईंचा बांध फुटला. तेव्हापासून ताईंचं कीर्तन जिथं असेल तिथं अर्चनाबाई पहिल्या रांगेत, पदराखाली बेदाण्याची पिशवी.

आणि खुद्द ताई? त्यांनाही वाटलं की कृपा झाली. हे नीट ध्यानात घ्या. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. इतकी वर्षं भाव उभा करून दाखवला, आता तो आपल्या पायांनी चालत आला, असं त्यांना वाटलं. त्याचा त्यांनी गवगवाही केला नाही. सकाळी देवापुढे हात जोडत तेव्हा थोडा जास्त वेळ थांबत, इतकंच.

आता जरा शास्त्र सांगते, ते दुसऱ्या जातीचं. कंटाळू नका.

ताईंच्या गालांत अठरा वर्षांपूर्वी 'उभारी' बसवली होती. ईराच्या वेळच्या बाळंतपणानंतर ताईंना टायफॉइड झाला, गाल खोल गेले. तेव्हा नुकती कीर्तनं घरोघरच्या भिंतींवर दिसू लागली होती, भिंतीएवढा चेहरा. आयोजक म्हणाले, "ताई, निरूपण उत्तम, पण चेहरा दमलेला दिसतो हो." त्यापूर्वी लोक गालाच्या हाडावर सिलिकॉनची गादी बसवून घेत. ती कधी सरके, कधी तिच्याभोवती शरीर कडक पापुद्रा विणे, कधी खालचं हाड झिजे. उभारीत हे काही नव्हतं. रेशमातल्या प्रथिनाची नाजूक जाळी, आणि तिच्यात ज्याच्या त्याच्याच कुर्चेच्या पेशी पेरलेल्या. जाळीतून एक द्रव्य वर्षानुवर्षं कणाकणानं झिरपत राही. ते आसपासच्या रक्तवाहिन्यांना सांगे, या, आत या, इथं घर करा. म्हणून उभारी सरकत नसे. ती अंगाचीच होऊन जाई. पहिली काही वर्षं तपासण्या झाल्या, सगळं छान निघालं. पुढं कुणी पाहिलं नाही. बाहेरून चेहरा झकास असताना आत कोण डोकावतो?

पण आमंत्रण मोघम होतं. रक्तवाहिन्यांना दिलेलं ते मज्जातंतूंनीही ऐकलं.

एका रविवारी ईरा घरी आली होती. चिंचगुळाची आमटी करायला तिनं चिंच कोळली आणि बोटभर कोळ आईच्या जिभेला लावला.

"आंबट पुरेल का बघ."

ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अगं, कांदा अजून चिरला नाही मी," ईरा म्हणाली. मग ती थांबली. पुन्हा बोट बुडवलं. "परत घे."

"काय चाललंय तुझं?"

"घे तर."

परत धार. ईरानं गॅस बंद केला. "आई, मध्यंतरानंतर तू तोंडात काय ठेवतेस?"

"ज्येष्ठमध. घशाला बरा अस—" ताईंचं बोलणं तिथंच तुटलं.

"तुझ्या तोंडाला पाणी सुटायचं ते डोळ्याला सुटतंय. जेवताना यायचं तेही तिखटानं नव्हतं," ईरा म्हणाली. थट्टेची सवय, म्हणून पुढचंही निघून गेलं, "म्हणजे सात्त्विक भाव चिंचेलाही येतो."

ताई हसल्या नाहीत. पण चेहरा हसरा होता. तो नेहमीच असे, उभारीचं कामच ते. ईराला त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहवेना. तिनं आईचं डोकं पोटाशी धरलं. आमटी त्या दिवशी झाली नाही.

मिरजेला डॉ. रुबीना शिकलगार मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करत. त्यांच्या बाहेरच्या बाकांवर ताईंच्या वयाची बरीच माणसं बसली होती. एक बातम्या देणाऱ्या बाई, एक निवृत्त प्राचार्य, एक कुणी नट. सगळ्यांचे गाल सुरेख. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकजण बोलताना रुमालानं डोळा दाबून धरत होता. ज्या कंपनीनं उभारी काढली तिनं केव्हाच नाव बदलून केसांची औषधं करायला घेतली होती.

डॉक्टरांनी पडद्यावर ताईंचा गाल मोठा करून दाखवला. आत पांढऱ्या धाग्यांचा असा गुंता, जसा मांजरानं लोकरीचा केला असावा.

"हा लाळेच्या ग्रंथीचा तंतू. जाळीनं बोलावलं म्हणून आत शिरला, वाट चुकला आणि अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळाला. मेंदू म्हणतो लाळ, डोळा ऐकतो पाणी. हे ओठांचे. यांतले काही पापणीत गेलेत, म्हणून तुमचा डोळा मिटतो."

"लोक त्याला तल्लीन होणं म्हणतात," ताई म्हणाल्या.

"माझ्या अम्मीही म्हणतात. त्या ऐकतात तुम्हाला." डॉक्टर कसंनुसं हसल्या. मिरजेत त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडत आले होते. गाणाऱ्या माणसाला वाईट बातमी देणं त्यांना जड जात होतं. "ताई, हे काढावं लागेल. ठेवलं तर आवळत जाणार. दोनेक वर्षांत चेहरा गच्च होईल, गिळता येणार नाही."

"आणि काढलं तर?"

"ओठ मिटवणारे तंतू दोन्ही बाजूंनी जाळीत विणले गेलेत. जाळी निघताना ते जाणार. मी मांडीतले तंतू घेऊन जोडीन. खाता येईल, हसता येईल. पण ओठ पुन्हा पुरते मिटतील, असा शब्द मी देत नाही. आवाजाला धक्का नाही. ओठांवरची अक्षरं तेवढी…"

"प, फ, ब, भ, म," ताई म्हणाल्या. लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेलं.

"हो. व दातावर निभावेल."

ताईंनी पडद्यावरच्या गुंत्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, म गेला तर राम कसा म्हणायचा?"

डॉक्टरांनी पडदा बंद केला. "मनात म्हणा, ताई."

"मनात म्हणायला कीर्तनकार कशाला लागतो?"

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती आणि सचिनकाका सवयीनं तिला "हळू, हळू" म्हणत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "दोन वर्षं आहेत ना? तोवर म्हणून घे पोटभर. मग बघू."

"आणि रडणं?"

"ते कुणाचं वाईट करतंय? त्या माळीणबाईला विचार."

"काका, ज्येष्ठमधाचं पाणी आहे ते."

"गंगेचं कुठून येतं, कोण विचारतं?"

"मी विचारते," ताई म्हणाल्या. "काका, मी दमले. अठरा वर्षं हसतेय. आई गेली तेव्हा हसत होते, आठवतं तुम्हाला? मामी म्हणाल्या होत्या, केतकी फार धीराची. धीर कसला. गाल खाली यायलाच तयार नव्हते."

काकांनी गाडीला "हळू" म्हणणंही सोडलं.

पुढचं कीर्तन तासगावला होतं. मध्यंतर झालं, हार झाला, बुक्का झाला. ताईंनी ज्येष्ठमध घेतला नाही. कथा सुरू झाली, स्वर लागला, आणि डोळे कोरडे. लोक वाट बघू लागले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. मागून कुणी तरी हलक्या आवाजात म्हणालं, "आज चित्त नाही वाटतं ताईंचं." ताईंनी हात वर करून तबला थांबवला आणि सगळं सांगितलं. जाळी, तंतू, चिंच. आडपडदा ठेवला नाही. शस्त्रक्रिया करून घेणार हे सांगितलं, आणि त्यानंतर कुठली अक्षरं जाणार तेही.

मंडपात माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग चुळबुळ. काही उठून गेले. एक आजोबा जाता जाता म्हणाले, "आम्ही इतके दिवस चिंचेला नमस्कार केला म्हणायचं." आयोजक कानाशी येऊन म्हणाले, "ताई, हे सांगायची काय गरज होती?"

अर्चनाबाई शेवटपर्यंत बसून राहिल्या. गर्दी पांगल्यावर पुढं आल्या.

"ताई, तुमचं पाणी ज्येष्ठमधाचं होतं. माझं कसलं होतं?"

"तुमचं खरं होतं हो."

"मग झालं तर." त्यांनी बेदाण्याची पिशवी ताईंच्या ओटीत ठेवली. "आमच्या लहानपणी गावात हापसा होता. कोरडा पडला की वरून तांब्याभर पाणी ओतायचं, मग खालचं यायचं. ते वरचं पाणी कुठलं का असंना."

ताईंना वाकून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण अर्चनाबाईंनी पडू दिलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. पट्ट्या निघाल्या तेव्हा आरशात एक ओघळलेला, रेषांनी भरलेला चेहरा होता, थेट वडिलांसारखा. ताईंना तो ओळखीचा वाटला. डोळे आता चिंचेला दाद देत नव्हते. ओठ जवळ येत, पण मध्ये बोटभर फट राही.

पहिल्या दिवशी नर्सनं खोलीत डोकावून विचारलं, "चहा कुणाला हवा होता?" ताई "मी" म्हणायला गेल्या आणि नुसती "ई" निघाली. पुन्हा प्रयत्न केला. ई. मी नाही, माझं नाही, मला नाही. मराठीत स्वतःविषयी बोलायचं तर ओठाला ओठ लागतो, हे आपल्याला कधी कळत नाही.

सचिनकाका भेटायला आले, त्यांना ईरानं हे सांगितलं. काका म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सांगत आलीस ना, मीपण सोडा म्हणून? घे. सुटलं."

ईरानं डोळे वटारले. पण ताई हसल्या. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, असं वाकडं हसू. आणि हसून झाल्यावर चेहरा खाली आला, जसा माणसाचा यायला हवा. मग त्या सावकाश, शब्द निवडत म्हणाल्या, "त्याच अक्षरात तोही गेला, काका."



त्यानंतरचं वर्ष फार सांगण्यासारखं नाही. आमंत्रणं थांबली. ताई घरात चिठ्ठ्या लिहून ठेवत, फोन घेत नसत. काका रोज यायचे, पेटी उघडायचे, सूर देऊन बसायचे. "हरी आहे, शिव आहे, नारायण आहे," ते म्हणत. "देवाला नावं काय कमी आहेत? ओठ न लावता येतील अशी शंभर काढून देतो."

"आहेत," ताई म्हणत. "गळ्यात राहिलं ते एकच."

ते खरंच होतं. वडिलांनी त्यांना मांडीवर घेऊन दिलेलं पहिलं नाव ते. शेवटच्या आजारात वडील लेकीचंही नाव विसरले होते, हे नव्हते विसरले. काका पेटी बंद करत आणि उद्या पुन्हा येत. ईरा शनिवारी यायची, आईचं अंग चेपून द्यायची. घरात कुणी कुणाला धीर देत नसे. तेवढं त्राण कुणात नव्हतं.

चैत्र लागला तशा अर्चनाबाई सांगलीला आल्या. त्यांच्या शेडजवळ रामाचं लहानसं देऊळ होतं. "रामनवमीला जन्माचं कीर्तन तुमचं," त्या म्हणाल्या.

"येत नाही आता."

"न येऊ दे. उभ्या राहा नुसत्या. सुंठवडा मी केलाय, पाळणा सजवलाय, आता कुणाला शोधू?"

बाईंनी अक्षता हातावर ठेवल्याच. ईरा म्हणाली, "आई, जाऊन तर बघ. नाही जमलं तर सुंठवडा खाऊन येऊ."

रामजन्माचं कीर्तन तुम्हाला ठाऊक आहेच. भर दुपारी, सूर्य डोक्यावर यायच्या बेतानं कथा संपवायची. बरोबर बाराच्या ठोक्याला कीर्तनकारानं पाळण्याची दोरी हाती घ्यायची आणि नाव उच्चारायचं. ते नाव उच्चारलं की जन्म. मग फुलं, मग गुलाल. नाव घेतल्यावाचून जन्म कसा होणार?

देऊळ लहान, म्हणून बेदाण्याची शेड रिकामी करून माणसं तिथं बसली होती. द्राक्षांचा आंबूस गोड वास. ताई उभ्या राहिल्या, बुक्का लागला, काकांनी सूर दिला. "आज कथा थोडी," त्या म्हणाल्या. "सांगते तशी ऐका." आणि हळूहळू, प्रत्येक शब्दाला आधी चाचपून, सांगू लागल्या. एक नगरी. राजा. घरात लेकराचा आवाज नाही. जिथं शब्द अडे तिथं हात सांगत. पोरं कंटाळली, बायकांनी पदरानं वारा घेतला, पण कुणी उठलं नाही. काही अर्चनाबाईंच्या भिडेनं, काही सुंठवड्यासाठी.

बारा वाजले. ताईंनी दोरी धरली.

"रा…"

स्वर निघाला तो भरलेला, वडिलांच्या वेळचा. तो वाढत गेला, छपराच्या पत्र्यापर्यंत गेला. ओठ एकमेकांकडे आले, थरथरले आणि थांबले. मधून नुसती हवा गेली. ईरानं पुढं यायला पाऊल उचललं. ताईंनी ठरवलं होतं, की एकदा प्रयत्न करायचा आणि मग हात जोडून, लोकांची क्षमा मागून खाली बसायचं. त्यांनी श्वास घेतला, स्वर तोडला, आणि हात जोडले.

पण मंडळी, आपली सवय कशी आहे बघा. कीर्तनकारानं ओळ अर्धी सोडली आणि हात जोडले की आपल्याला वाटतं, आता आपली पाळी. मागच्या खांबाशी एक ड्रायव्हर उभा होता, बेदाण्याचा ट्रक घेऊन आलेला. त्याला शस्त्रक्रिया ठाऊक नव्हती, ताईंचं नावही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं बाई म्हणवून घेतायत. त्यानं डोळे मिटले, ओठ मिटले आणि पुरं केलं.

"म्."

मग त्याच्या शेजारच्यानं. मग बायकांनी. मग सगळी शेड एका सुरात, बंद ओठांनी, गुणगुणू लागली.

ताईंचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी पुन्हा म्हटलं, "रा…"

"म्," शेड म्हणाली.

पाळणा हलला. फुलं पडली. ताई एवढंच म्हणत होत्या आणि लोक एवढंच पुरं करत होते. काका सूर सोडत नव्हते; त्यांना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते ओघळ तसेच पेटीवर पडत होते. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं, ते विचारू नका. त्या दिवशी तिकडे कुणी पाहिलंच नाही. जो तो डोळे मिटून आपल्या वाटणीचं अक्षर म्हणत होता.

तर एवढीच कथा. आता उठाल, घरी जाल, आणि जांभई देताना, ठेच लागल्यावर किंवा निजताना सहज ते नाव घ्याल. ओठ ओठाला टेकेल, तुम्हाला कळणारही नाही. तेव्हा एक करा. टेकतो त्या क्षणापुरती केतकीताईंची आठवण ठेवा, आणि शेवटचं अक्षर थोडं लांबवा. त्यांच्या वाटणीचं.